एवढी मॅच संपू दे

"वैजे, तेल गार व्हायला लागलंय. त्याला म्हणावं, ये आता खाली."

आबा जिन्याच्या पायथ्याशी उभे होते. अंगात बंडी, खांद्यावर पंचा, हातात तेलाची पितळी वाटी. वर माडीवरून माझ्या भावाचा आवाज येत होता, "डावीकडनं ये! डावीकडनं! अरे मागं बघ की लेका!" नवख्या माणसाला वाटलं असतं, वर मारामारी चालली आहे. वर तो एकटाच होता, कॉम्प्युटरसमोर, कानांना हेडफोन लावून.

मी ओढणी कमरेला खोचली आणि जिना चढले. मी सांगलीला शाळेत शिकवते. वर्षभर लोकांच्या पोरांवर ओरडते आणि मे महिन्यात कोल्हापूरला माहेरी येते ती जरा घशाला विश्रांती मिळावी म्हणून. त्या सुट्टीत मात्र माझं एकच काम चाललं होतं. जिना चढायचा, ओरडायचं, जिना उतरायचा.

"सम्राट, आबा थांबलेत."

"हां."

"हां काय? ऊठ."

"एवढी मॅच संपू दे आक्का."

नाव सम्राट. आबांनी ठेवलेलं. आबा आमच्या पेठेतल्या तालमीचे वस्ताद. पोरगा झाल्यावर त्यांनी पेढे वाटायच्या ऐवजी सगळ्या तालमीला थंडाई पाजली होती म्हणे. पोरगा मातीत नाव काढणार, असं त्यांनी पाळण्यातच ठरवून टाकलं होतं. सम्राट दहावीपर्यंत तालमीत गेला. मग एक दिवस त्यानं लंगोट धुऊन दांडीवर वाळत घातला, तो परत काढलाच नाही. शेवटी आईनंच तो घडी करून ठेवला. पुढं इंजिनिअर झाला, पुण्याला नोकरी लागली, ती सोडली आणि परत येऊन माडीवर बसला. "तयारी करालोय," म्हणाला. आम्हाला वाटलं स्पर्धा परीक्षेची. आई तर सकाळी बदाम भिजवून त्याला वर नेऊन द्यायची. तयारी गेमच्या स्पर्धेची आहे हे आम्हाला कळेपर्यंत पोरानं बरेच बदाम खाल्ले होते.

माडीला वरून पत्रा. मे महिन्यात तिथं उभं राहवत नसे, आणि हा खिडकी लावून बसायचा, कारण उजेडानं पडद्यावरचं दिसत नाही. डोळे कायम लाल. पोट सुटलेलं. जेवण थंडगार झाल्यावर, तेही एका हातानं. आणि पाणी तर प्यायचाच नाही. मी तांब्या भरून ठेवायचे, संध्याकाळी तो तसाच भरलेला असायचा.

"अरे, पाणी का पीत नाहीस?"

"पाणी प्यालं की उठावं लागतंय आक्का. मॅचमधनं कसं उठणार?"

मी डोक्याला हात लावून खाली यायचे. बसायची तऱ्हाही तशीच. डावा पाय घडी करून बुडाखाली आणि उजवा खाली सोडलेला. सकाळी बसला की दिवेलागणीपर्यंत तसाच. वर्गात कुणी असं बसलं असतं तर मी बाकावर उभं केलं असतं.

पण माझा खरा राग होता तो आबांवर. आबांनी त्याला एकदा धरून खडसावलं असतं तर पुढचं काही झालं नसतं, असं मला वाटायचं. आबा खडसवायचे नाहीत, दुरुस्त करायचे. त्यांच्या हाताला गुण होता. लचक, उसण, आखडलेली मान, खांद्यातली कळ, पेठेतलं कुणीही सकाळी आमच्या कट्ट्यावर येऊन बसायचं. आबा तिळाचं तेल ओवा आणि लसूण घालून कढवायचे, वाटीत घ्यायचे आणि अंगठा नेमका दुखतंय तिथं टेकवायचे. माणूस ओरडायचा, मग गप्प व्हायचा, मग हसत घरी जायचा. सम्राटची मान आखडली की आबा. मनगट धरलं की आबा. बोटं वाकेनाशी झाली की आबा. तो वर मोडून घ्यायचा आणि हे खाली नीट करून द्यायचे.

"तुम्ही चोळताय म्हणून तो बसतोय," मी एकदा आबांना म्हटलं. "जरा दुखू दे की. दुखलं म्हणजे उठेल."

"दुखतंय म्हणून तर खाली येतोय," आबा म्हणाले आणि तेलाखालचा गॅस बारीक केला.

मला तेव्हा ते बोलणं वेडेपणाचं वाटलं. पण खरंच, तालीम सुटल्यापासून त्या दोघांचं बोलणं जवळपास बंद झालं होतं. भांडण नव्हतं, बोलायला काही उरलंच नव्हतं. सम्राट खाली यायचा, पाटावर पाठमोरा बसायचा, आबा मागं बसून मानेवर अंगठा ठेवायचे. "हितं?" "हां." "हितं?" "जरा खाली." एवढंच बोलणं. मग सम्राट डोळे मिटायचा आणि आबांचे हात बराच वेळ चालू राहायचे, दुखणं थांबल्यावरही.

तर, त्या रविवारची गोष्ट. चार वाजता पाहुणे यायचे होते. निपाणीकडचं चांगलं स्थळ. मुलीचे वडील आणि मामा घर आणि मुलगा बघायला येणार होते. आईनं दोन दिवस घर घासून काढलं होतं. मी पडदे धुतले होते. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो सकाळी चहाला जिना उतरला तो लंगडत.

"काय झालं रे पायाला?" आबांनी विचारलं.

"काय न्हाई. पेटका आलाय. दोन-तीन दिवस झालं, दुखालंय जरा."

आबांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि पोटरीवर तळहात ठेवला. पोटरी तुकतुकीत झाली होती आणि गरम लागत होती. आबांनी मान हलवली.

"रक्त साकळलंय. कुस्तीत असं हुतंय, एकाच पायावर जोर दिला की. चोळून मोकळं करू, सांच्यापर्यंत पळायला लागशील. अंघोळ कर, मी तेल ठेवतो."

"चोळूया आबा. जरा वर जाऊन आलोच."

त्याचं 'जरा' म्हणजे काय हे आम्हाला माहीत असायला हवं होतं. त्याच दिवशी त्याच्या त्या स्पर्धेची शेवटची फेरी होती. एक मॅच संपली की दुसरी, ती जिंकली की तिसरी. आबांनी तेल तापवलं, ते गार झालं. परत तापवलं, परत गार झालं. आबांचे गुडघे कुस्तीनं पार गेलेले. आमचा जिना उभा. त्यांना वर जाता यायचं नाही. म्हणून ते खाली उभे आणि मी वर-खाली.

"आई, तू तरी सांग त्याला," मी स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं.

आई पोह्यांसाठी कांदा चिरत होती. "मी काय सांगू? माझं ऐकतोय व्हय त्यो? तूच मास्तरीण न्हवं?"

"मग तेल वर नेऊन मीच चोळते त्याला."

हे आबांनी ऐकलं. "तू नको. तुला शीर कळत न्हाई. पोटरी चोळायची म्हणजे गंमत न्हवं. येऊ दे त्याला, मी हाय."

आणि ते उभेच. मला त्यांचाही संताप आला. माणसानं इतकं का थांबावं? पोरगा चोवीस वर्षांचा घोडा झालाय, त्याचा पाय दुखतोय, आणि बाप वाटी घेऊन जिन्याखाली उभा आहे, देवळात प्रसाद घेऊन उभं राहावं तसा. मी म्हटलं, "आबा, खुर्ची तरी घ्या." तर म्हणाले, "बसलो की तेल कशाला तापीवलं ते ध्यानात राहत न्हाई." एकदा तर त्यांनी कठड्याला धरून चढायलाच सुरुवात केली. दोन-तीन पायऱ्यांवर गुडघ्यानं साथ सोडली, तिथंच खाली बसले. वाटी मात्र सांडू दिली नाही.

साडेतीनच्या सुमाराला मी इस्त्रीची पँट आणि शर्ट घेऊन शेवटची म्हणून वर गेले.

"हे घाल आणि खाली चल. पाहुणे निघालेत. त्याआधी आबा पाय चोळतील."

दोन मॅचच्या मध्ये त्याला थोडी सवड होती. उठला, पँटमध्ये उजवा पाय घातला, डावा घातला आणि थांबला.

"आक्का, पँट जाईना झालीय."

"बसून बसून फुगलायस, दुसरं काय! ओढ."

"ओढालोय की. डाव्या पायात जाईना."

मी पाहिलं. दोन्ही पाय एका माणसाचे वाटत नव्हते. उजवा नेहमीचा, किडकिडीत. डावा पोटरीपासून मांडीपर्यंत सुजलेला, वर लालसर-निळी झाक. पँट पोटरीलाच अडली होती. इतके दिवस तो गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी घालून अंधारात बसायचा, दिसणार कसं?

"हे असं कधीपासनं आहे?"

"दुखतंय जरा. आबा चोळतील की."

"मग चल! आत्ताच्या आत्ता चल!"

"फायनल आहे आक्का." तो परत खुर्चीत बसला आणि तोच पाय, तो सुजलेला पाय, सवयीनं उचलून बुडाखाली घ्यायला गेला. घडी होईना म्हणून स्टुलावर ठेवला. "एवढी शेवटची. शप्पथ."

माझं डोकं सटकलं. कॉम्प्युटरचं भिंतीवरचं बटण त्याच्या पाठीमागं होतं. मी तिथं गेले आणि बोट बटणावर ठेवलं.

"आक्का नको! पाया पडतो तुझ्या! चार पोरं माझ्या भरवशावर बसलीत!"

"आणि खाली म्हातारा सकाळपासून वाटी घेऊन उभा आहे तो कुणाच्या भरवशावर?"

तो वळलाच नाही. पडद्याकडं बघत राहिला. मॅच सुरू झाली होती. मी बटण दाबणारच होते. तेवढ्यात खालून आई ओरडली, "वैजे! पावणं कोपऱ्यावर आल्यात गं! खाली ये आधी!"

मी बोट काढलं. पाहुण्यांच्या समोर वरून बोंबाबोंब ऐकू येणं बरं दिसलं नसतं, म्हणून. आबांचा एक ढगळ पायजमा दांडीवर होता, तो त्याच्या अंगावर फेकला. "पँट जात नसेल तर हा घाल. मॅच संपली की सरळ खाली ये. पाहुणे असले तरी आतल्या खोलीत बसून आबा पाय चोळतील, पण ये." आणि खाली येऊन हसतमुखानं पाहुण्यांना नमस्कार केला.

मुलीचे वडील अबोल होते. मामा मात्र गडगडाटी. त्यांनी सोप्यातली आबांची गदा बघितली, भिंतीवरचे फोटो बघितले आणि खूश होऊन मांडीवर थाप मारली.

"पैलवानाचं घर म्हणजे तब्येतीचं काय बघायलाच नको! आमच्याकडं दुसरी पोरं बघितली, सगळी चष्मेवाली, बसून बसून वाकल्याली. आम्ही म्हटलं, पोरगं कसं धडधाकट पायजे."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी पोह्यांकडं पाहिलं.

"वर काय करतोय?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"मीटिंग आहे," मी म्हणाले. "पुण्याच्या लोकांची." शाळेत खोटं बोललं म्हणून पोरांना ओणवं करणारी मी. आबा दाराआड उभे होते, हातात वाटी. पाहुणे आले तरी त्यांनी ती खाली ठेवली नव्हती.

तेवढ्यात माडीवर आरडाओरडा झाला, टाळ्या, खुर्ची ढकलल्याचा आवाज. आणि जिन्यावर पावलं वाजली. एक जड, एक हलकं.

सम्राट कठडा धरून उतरत होता. आबांचा पायजमा, वर इस्त्रीचा शर्ट, गळ्यात अजून हेडफोन. निम्म्या जिन्यावर थांबला. चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर घाम, ओठ कोरडे. मी वर धावले. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि काय म्हणाला असेल?

"आक्का, जिंकलो."

आणि तिथंच पायरीवर बसला. "आक्का, श्वास घ्यायला येईना झालंय. छातीत टोचालंय."

आई किंचाळली. मामा पोह्यांची बशी तशीच ठेवून उठले. आबा मात्र घाबरले नाहीत. त्यांना काय करायचं ते ठाऊक होतं. पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि पुढं आले. "आडवा करा त्याला. हितंच, सोप्यात. पाय माझ्याकडं द्या. पोटरी मोकळी झाली की दम बसतोय." त्यांनी बोटं तेलात बुडवलीसुद्धा.

"पैलवान, ते मागनं बघू!" मामा म्हणाले. "पोरगं पांढरंफटक पडलंय. आधी दवाखाना. गाडी दारात हाय."

दोन्ही पाहुण्यांनी मिळून त्याला उचललं आणि जीपमध्ये घातलं. मी मागं बसले, त्याचा पाय माझ्या मांडीवर. आबांना गुडघ्यामुळं मागं चढता येईना, त्यांना पुढं बसवलं. रस्ताभर ते मान वळवून मला सांगत होते, "नुसता धरून ठीव. तू दाबू नको. तिथं गेलं की मी बघतो." सम्राट तोंड उघडं टाकून श्वास ओढत होता. त्याचा हात माझ्या हातात होता आणि बोटं आपोआप हलत होती, माऊसवर हलावीत तशी. मी ती घट्ट धरून ठेवली. मनातल्या मनात त्याला शिव्या देत होते आणि देवाला हात जोडत होते, दोन्ही एकदमच.

दवाखान्यात डॉक्टर बाई तरुण होत्या, झपाझप बोलणाऱ्या. त्यांनी पाय बघितला, दुसरा पाय बघितला, नर्सला काहीतरी सांगितलं. ऑक्सिजन लावला. मशीनवर पायाची तपासणी झाली. मग त्या आमच्याकडं वळल्या.

"लांबचा प्रवास केला होता का यानं? तासन्‌तास बसून?"

"नाही," मी म्हणाले.

"ऑपरेशन? पडला वगैरे?"

"नाही."

"मग काय करतो हा?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मामाही कान देऊन उभे होते. शेवटी मीच म्हणाले, "खेळतो."

"खेळतो म्हणजे? पळतो?"

"नाही. बसतो. कॉम्प्युटरवर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. पाणीसुद्धा पीत नाही, उठावं लागतं म्हणून."

बाईंनी नुसती मान हलवली, त्यांना नवं काही वाटलं नसावं. मग त्यांनी विचारलं, "पायाला काही केलंत का? शेक, चोळणं, मालीश?"

आणि बोलता बोलता त्यांची नजर आबांच्या हाताकडं गेली. आबांच्या हातात तेलाची वाटी होती. घरातून निघताना, जीपमध्ये, दवाखान्याच्या पायऱ्यांवर, कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आबांच्याही.

"केलं का?" बाईंनी परत विचारलं. आवाज बदलला होता.

"न्हाई," आबा म्हणाले. "करणार हुतो. सकाळधरनं उभा हाय. त्यो खाली आलाच न्हाई."

बाईंनी सुस्कारा सोडला. "फार चांगलं झालं."

"रक्त साकळलंय न्हवं त्याचं?" आबांनी विचारलं. "मी बघितल्या बघितल्या म्हटलं हुतं."

"बरोबर ओळखलंत. रक्ताची गाठ झालीय, पोटरीपासून मांडीपर्यंत. पण काका, ती चोळायची नसते. चोळली की सुटते आणि रक्ताबरोबर वर जाते, छातीत. एक बारीक तुकडा गेलाच आहे, म्हणून दम लागला. मोठा गेला असता तर..." त्यांनी आमच्याकडं पाहिलं. "तर इथपर्यंत आणायला वेळ मिळाला नसता. आता इंजेक्शनं सुरू करतोय. आज आणि उद्या जपायचं."

त्या आत गेल्या. मामांनी माझ्या खांद्याला हात लावला आणि कुणाला तरी फोन करायला बाहेर गेले. आबा भिंतीकडच्या बाकावर बसले. त्यांनी वाटी मांडीवर ठेवली आणि खांद्यावरचा पंचा काढून तिच्यावर झाकला. कडा नीट खाली दुमडल्या, कुणाला दिसू नये अशा. मग दोन्ही हात त्या पंचावर ठेवून खाली बघत बसले. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. माझा उजवा हात माझ्याच डोळ्यांसमोर येत होता. बटणावर ठेवलेलं ते बोट.

सम्राट वाचला. ते दोन दिवस कसे गेले ते सांगत नाही. आईनं केलेले नवस फेडायला आम्हाला वर्ष लागलं. पोटात इंजेक्शनं, मग गोळ्या, पायाला घट्ट मोजा, दर तासाला उठून चालायचं, पाणी प्यायचं. मुलीकडच्यांनी परत फोन केला नाही, आणि त्यांना दोष कसा देणार? मामांनी मात्र दोनदा तब्येत विचारली.

आणि हा दिवटा घरी आल्यापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला काय सांगायला लागला असेल? "गेममुळं वाचलो. खाली गेलो असतो तर आबांनी चोळलं असतं. खेळात होतो म्हणून वाचलो."

"अरे, पण ती गाठ झाली कशानं?" मी ओरडायचे. "बसून बसून झाली ना? त्याच खुर्चीत ना? त्याच खेळानं ना?"

"ते हाय. पण वाचलो पण त्यानंच."

आणि आई? आईनं कॉम्प्युटरवरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी हात टेकले. घरात एका माणसाला धड विचार करता येत असेल तर शपथ. सुट्टी संपली तशी मी चरफडत सांगलीला गेले. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मोठ्या अक्षरात लिहून माडीच्या भिंतीला चिकटवून आले. त्यानं त्यावर दुसऱ्या दिवशी शर्ट अडकवला.

आबांचं मात्र मला फोनवर कळायचं ते तुटक. सकाळी कट्ट्यावर माणसं यायची. आबा सांगायचे, "दवाखान्यात जावा." का, ते सांगायचे नाहीत. एक म्हातारा पैलवान, त्यांच्याच जोडीचा, खांदा धरून आला आणि रागावून गेला म्हणे, तरी आबांनी हात लावला नाही. लोकांना वाटलं, वस्तादांचा हात गेला.

दसऱ्याला मी परत माहेरी गेले, खंडेनवमीच्या सकाळी. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं पुजतात. सोप्यात पाट मांडून आबांनी सगळं ओळीनं लावलं होतं. गदा, मुद्गलांची जोडी, आखाडा खणायचं खोरं, आईची विळी. दर वर्षीचंच. आणि ओळीच्या शेवटी, हळदीकुंकू लावलेला, वर झेंडूचं फूल ठेवलेला, सम्राटचा माऊस.

माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. "आबा, हे काय आहे?"

"माऊस म्हणत्यात त्याला. जुना हाय, त्याला इचारूनच आणलाय."

"ते कळतंय मला! ज्यानं पोराला मरणाच्या दारात नेलं त्याची पूजा करताय? तो गावभर सांगत सुटलाय, आई दृष्ट काढतेय, आणि आता तुम्हीसुद्धा?"

आबा उदबत्ती लावत होते. त्यांनी काडी विझवली.

"त्यानं नेलं, ते मला कळतंय वैजे. मी काय खुळा हाय? पण त्या दिवशी त्यानं पोराला वर धरून ठेवलं. खाली मी उभा हुतो."

मी नुसती त्या ओळीकडं बघत राहिले. काहीतरी कमी होतं, आणि काय ते थोडं उशिरा लक्षात आलं. मी लहान असल्यापासून त्या ओळीत सगळ्यात पहिला मान तेलाच्या वाटीचा असायचा. गदेच्याही आधी. आबा तिला चिंचेनं घासून सोन्यासारखी लखलखीत करायचे.

"वाटी कुठं आहे आबा?"

"ती नको," ते म्हणाले आणि माऊसवरचं घसरलेलं फूल नीट केलं.

वर माडीवर आवाज सुरू झाला. "डावीकडनं ये! डावीकडनं!" आबांनी घड्याळाकडं पाहिलं. गुडघ्यांवर हात टेकून उठले, जिन्याच्या पायथ्याशी गेले आणि तालमीत पोरांना घालायचे तसा आवाज घातला.

"सम्राट! ऊठ! पाणी पी, फेऱ्या मार!"

"एवढी मॅच संपू दे आबा!"

"ऊठ म्हणतो न्हवं!"

वर खुर्ची सरकली. तांब्याचा आवाज झाला. मग पत्र्याखालच्या त्या फरशीवर पावलं वाजायला लागली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आबा मान वर करून ऐकत होते, डावा पाय नीट पडतो का ते. खांद्यावर पंचा होता. दोन्ही हात रिकामे होते, आणि ते कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.